सम तारखेला ताई, विषम तारखेला दाजी

आता हे तुम्हाला सांगावं की नको, असं दोनदा मनात आलं. पण मी नाही सांगितलं तर वर्षाताई सांगतील. त्यापेक्षा मीच सांगते.

बाळंतपणाच्या रजेत मी मोबाईलवर मध्यस्थीचा कोर्स केला. नवरा-बायकोचं भांडण समोरासमोर बसवून मिटवायचं, संसार मोडू द्यायचा नाही. प्रमाणपत्रसुद्धा आलं. फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

ते समोरच्याच दारात निघालं! आमच्या समोर वर्षाताई राहतात. त्या नर्स, दाजी बियाण्याच्या कंपनीत. रोज सकाळी सहाला त्यांच्याकडे आवाज चढायचे. मला कसं माहीत? अहो, मी तेव्हा त्यांच्याच दारात उभी असायची! बाळ शिंकलं तरी, शिंकलं नाही तरी, ताईंना दाखवल्याशिवाय मला चहा जात नाही.

एकदा दारात बॅग दिसली.

"कुठं निघालात ताई?"

"माहेरी. जाफराबादला. बास झालं आता."

ताई गेल्या तर बाळाला बघणार कोण? लगेच दोघांना सोफ्यावर बसवलं.

"एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मी कुणाच्याच बाजूची नाही."

"ऱ्हाऊ द्या हो," दाजी म्हणाले.

"संकोच नको. भांडणाचं मूळ सांगा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बेल," ताई म्हणाल्या. "रात्री बाराला ड्युटीवरून येते मी. जरा डोळा लागला की बेल! मंग दार कुणी उघडायचं?"

"मी रोज काहून उठू? बेल तर तुझ्यासाठी असती!"

"पण इतक्या सकाळी बेल वाजवतं कोण?" मी कडक आवाजात विचारलं.

दोघांनी माझ्या कडेवरच्या बाळाकडे बघितलं. बाळ शिंकलं.

आता मध्यस्थाला मधेच उठून जाता येत नाही. मी करारनामा लिहिला: सम तारखेला ताई दार उघडतील, विषम तारखेला दाजी. खाली तिघांच्या सह्या. बेल वाजवूच नये, असं कलम कुणी सुचवलं नाही. आणि मध्यस्थानं स्वतःहून काही सुचवायचं नसतं. बॅग आत गेली.

एकतीस तारखेला दाजींनी दार उघडलं. दुसऱ्या दिवशी एक तारीख, म्हणजे पुन्हा विषमच. बाळाला उचकी लागली, मी बेल वाजवली.

"आज तुमची बारी!" आतून ताई.

"कालबी मीच उठल्तो! रोज मीच का?"

करारात हे राहूनच गेलं होतं. आवाज चढत चालले. पुन्हा बॅग निघाली तर? मध्यस्थ म्हणून ताबडतोब आत जाणं भाग होतं.

मी परत बेल वाजवली.