कुंडलीची फ्लॉपी

नव्वदच्या दशकात मी नगरला एका विमा कंपनीच्या शाखेत टायपिस्ट होते. कंत्राटदारांच्या चालू बांधकामांचा विमा हे आमचं मुख्य काम. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला आणि मी ऑपरेटर झाले. त्याला वेगळी खोली, पंखा आणि चपला बाहेर काढायचा नियम होता.

एकदा पुण्याहून आलेले एक सहकारी कुंडली मांडणारी फ्लॉपी ठेवून गेले. दुपारच्या डब्यानंतर सगळ्यांनी आपापलं भविष्य पाहून घेतलं. त्यानंतर दोन-चार दिवसांनी मशीन सुरू केलं, तर पडद्यावर इंग्रजी मजकूर: तुमच्या फायली बंद केल्या आहेत, परदेशातल्या अमुक पत्त्यावर पैसे पाठवा.

साहेबांनी तो मोठ्याने वाचला. "मनीऑर्डर घेतील का हो?" कुणीतरी विचारलं. आम्ही पोट धरून हसलो. मग एकही पॉलिसी उघडेना, तेव्हा हसू मावळलं. त्या फ्लॉपीतूनच हे आत शिरलं होतं; आज याला रॅन्समवेअर म्हणतात. तेव्हा व्हायरस म्हटलं की आम्हाला तापच आठवायचा.

नेमका त्याच आठवड्यात राहात्याकडचा एक कंत्राटदार धापा टाकत आला. शाळेचा स्लॅब ओतताना खालचं सेंट्रिंग, म्हणजे फळ्या-टेकूंचा आधार, कोसळलं होतं. माणसं वाचली, पण एका गवंड्याचा पाय मोडला होता.

"पॉलिसी आणलीत?" साहेबांनी विचारलं.

"सायटीवरच्या शेडमधी हुती, साहेब. शेडच दबलं. तुमच्याकडं आसंलच की."

आमच्याकडची प्रत कुलूपबंद मशीनमध्ये आणि कागद पुण्याच्या ऑफिसात. पुण्याचा फोन लागला, तर तिथे कपाटं हलवायचं काम चाललेलं. शोधायला वेळ लागेल म्हणाले.

"साहेब, ती मीच टाइप केलीय," मी म्हणाले. "गावाचं नाव चुकलं होतं म्हणून दोनदा काढली. मजुरांच्या इजेचं कलम होतं त्यात."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला. "नक्की?"

"नक्की."

"मग तसं लिहून द्या, खाली मी सही करतो."

मी लिहून दिलं. चुकलं असतं, तर दोघांची नोकरी गेली असती. साहेबांनी तिथूनच हॉस्पिटलला फोन केला, "उपचार थांबवू नका, कंपनी बघेल." मग आम्ही जीपने सायटीवर गेलो. वाकलेल्या सळयांपाशी कामावरच्या बायका सुन्न बसल्या होत्या. हॉस्पिटलात त्या गवंड्याने साहेबांना एकच विचारलं, "पाय राहतोय ना माझा?"

पाय राहिला. पुण्याची प्रत आली, ती तंतोतंत जुळली. तरीही आठवणीवर विसंबून शब्द दिला म्हणून साहेबांना मेमो आलाच. तो वाचून त्यांनी खिशात ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

मशीनमधलं काही परत मिळालं नाही. मग कोपरगावपासून भिंगारपर्यंतचे कंत्राटदार आपापल्या पॉलिस्या घेऊन यायचे, मी त्या पुन्हा भरायचे. एरवी काउंटरपलीकडून बोलणारी ती माणसं आता माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायची. कुणाचा पूल, कुणाची साखर कारखान्याची चिमणी, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं कळायचं. कुणी उसाचा रस आणायचं, कुणी शेतातले पेरू. नंतर भराभर चालणारी कितीतरी मशीन्स आली, पण ऑफिस तसं भरलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.