आईच्या मते मी पाण्याखाली होते

मंगळवारी मी चक्क पाणबुडीत जाऊन आले! खरीखुरी, दुसऱ्या महायुद्धातली, जर्मनांची... अमेरिकन नेव्हीने भर समुद्रात पकडलेली. आता ती शिकागोच्या एका म्युझियममध्ये, एका प्रचंड हॉलमध्ये ठेवलेली आहे.

शिकागोबाहेरच्या शॉमबर्गजवळ एका शाळेत मी नुकतीच असिस्टंट टीचर म्हणून लागलेय. पाचवीच्या मुलांसोबतची ही माझी पहिली फील्ड ट्रिप. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट, आणि लहानपणी शाळेची सहल गेली ती एकदाच, जवळच्या धरणावर... त्यामुळे बसमध्ये मुलांपेक्षा मीच जास्त एक्साइट झाले होते.

त्याच भरात नागपूरला आईला व्हॉइस नोट टाकली. "आई, मुलांना घेऊन पाणबुडीत चाललेय. आत फोन लागणार नाही, बाहेर आल्यावर बोलते!"

आता माझी आई म्हणजे, मी अंबाझरी तलावात पेडल बोट चालवत होते तेव्हा काठाकाठाने हाका मारत चालणारी बाई. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं...

बॅगा आणि फोन बाहेर ठेवून आम्ही आत शिरलो. काय सांगू! जिकडेतिकडे पाइप, चाकं, घड्याळांसारखी मीटर. टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायच्या फळ्या. मध्येच हल्ल्याचा भास द्यायला दिवे घालवले, स्फोटांचे आवाज सुरू केले आणि सगळी मुलं आनंदाने किंचाळली. मीसुद्धा.

आमचे गाइड म्हणजे पांढऱ्या दाढीचे एक हसरे आजोबा. पाणबुडी पकडली तेव्हा एक जण सोडून सगळ्या खलाशांना वाचवलं, पण ही बातमी गुप्त ठेवायची होती म्हणून त्यांना घरी पत्रही पाठवू दिलं नाही, असं ते सांगत होते.

तेवढ्यात आमच्या वर्गातल्या मायाने हात वर केला. "सो देअर मॉम्स थॉट दे ड्राउन्ड?"

आजोबा म्हणाले, "येस. फॉर अ लाँग टाइम."

आणि मला एकदम माझी व्हॉइस नोट आठवली... माझी आईसुद्धा आत्ता मी बुडाले असंच समजून बसली असणार!

बाहेर येऊन फोन पाहिला तर आईचे, मामाचे, शेजारच्या काकूंचेसुद्धा मिस्ड कॉल. घाईघाईने व्हिडिओ कॉल लावला. घर बायकांनी भरलेलं. बुद्धांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावलेली. विहारातल्या सगळ्या मावश्यांना बोलावून आईची वंदना सुरू होती!

"आलीस का वर?" आईचा पहिला प्रश्न.

"अगं, पाणी नव्हतंच! बिल्डिंगमध्ये ठेवलीय ती."

"मंग पाणी नाही तर पाणबुडी कायची बाप्पा?" मागून मावश्यांचा हशा. "अन् हे आधी नाही सांगता येत तुले? एवढी शिकली कायले?"

मी कॅमेरा फिरवून तिला अख्खी पाणबुडी दाखवली. आई फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिली.

"यातली पोरं गेली का मंग आपापल्या घरी?"

"हो आई, युद्ध संपल्यावर. एक जण सोडून सगळी."

मागे एक मावशी आता मेणबत्ती विझवायला उठली होती. आई पटकन वळून म्हणाली, "राहू दे ना वं... त्या एकासाठी."

शत्रू कोण, देश कुठला, कुठलं युद्ध... तिने काहीच विचारलं नाही. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी आहे खरी, पण मला शिकवलंय कोणी, ते त्या दिवशी पुन्हा कळलं... थँक्यू, आई.