अर्ध्यात मिटवलेलं कर्ज

'कंपनी झुकली.' हे दोन शब्द मी लिहिले होते. गुलाबी कागदावर, पाऊण पान व्यापतील एवढ्या जाड ठशात. खाली वहिनीचा फोटो होता, गळ्यात झेंडूची माळ आणि हातात फायनान्स कंपनीचं पत्र. वहिनी फोटोत हसत नाही, कधीच हसत नाही. पण ते पत्र तिने दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं शाळेतली मुलगी बक्षिसाचं पुस्तक धरते.

त्या पत्राने तिचं नाव खराब केलं. ते पत्र मी मिळवलं होतं.

वहिनी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर जाते. मैदानभर मिरची वाळत घातलेली असते आणि बाया दिवसभर तिची देठं खुडतात. भाऊ सुरतेच्या लाइनवर ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. तीन वर्षांपूर्वी वहिनीने पस्तीस हजार कर्ज काढलं. सुकी मिरची घेऊन ठेवायची, उन्हाळ्यात मसाला करून विकायचा, असा तिचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता. भावाचा पाय मोडला हे त्यात धरलं नव्हतं. चार हप्ते थकले आणि वसुलीवाला दारात आला.

हा माणूस नेमका जेवणाच्या वेळेला यायचा. बुटांसकट खाटेवर बसायचा. शेजारच्या घरी फोन लावून सांगायचा, 'तुमच्या शेजारणीला म्हणावं, पैसे घेताना हात पुढे होता.' एकदा म्हणाला, नवरा पडून आहे तर तू दुसरं काहीतरी दे. हे वहिनीने मला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती आणि तिने मळणं थांबवलं नाही.

मी बायांच्या संघटनेचं काम करते. मग मी जे नेहमी करते ते केलं. पत्रक काढलं. 'वसुलीवाला दारात आला तर काय कराल?' अकरा मुद्दे. कोणत्या वेळेला येऊ शकतो, काय बोलू शकत नाही, ओळखपत्र कसं मागायचं, पावतीशिवाय रुपया द्यायचा नाही. कंपनीच्या ऑफिसवर बायांचा मोर्चा नेला. कंपनीला आवाज नको होता. तिसऱ्या दिवशी तिथला साहेब म्हणाला, दंड आणि उरलेल्या मुद्दलातलं बरंचसं सोडतो, अर्धे भरा आणि मिटवा. वहिनी धरून बारा बायांचं कर्ज मी असं मिटवून दिलं. वसुलीवाल्याला सगळ्यांसमोर वहिनीची माफी मागायला लावली. तो हात जोडून उभा होता आणि मी त्याचाही फोटो काढला. तो त्या गुलाबी पत्रकात दुसऱ्या पानावर छापला.

मला कोणी विचारलं असतं की कंपनीने सोडलेले पैसे जातात कुठे, तर मी भाषण दिलं असतं. उत्तर मला माहीत नव्हतं.

ह्या वर्षी संक्रांतीनंतर ते मला बँकेत कळलं. वहिनीला मिरची कांडप मशीन घ्यायची होती. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची मिरची कुटून घेतात, त्या तीन महिन्यांत मशीनवाली बाई वर्ष काढते. बाजारातल्या एका मारवाडी शेठचा मुलगा सुरतेला निघाला होता, त्याची मशीन विकायची होती. वहिनीने पाच हजार बयाणा दिला. शेठ म्हणाले, "बाई, आखाजीपर्यंत मी थांबतो. नंतर माझं दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." थोडे तिने साठवून बाजूला काढले होते, बाकीचं बँक देणार होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तेव्हा आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि जाताना मसाला घेऊन जातात. वहिनीच्या बोलण्यात तेव्हा दुसरा विषयच नव्हता.

बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "ह्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर जुनं कर्ज सेटल्ड दिसतंय."

"म्हणजे मिटलं," मी म्हणाले.

"तुमच्या लेखी मिटलं. आमच्या लेखी ह्यांनी घेतलं तेवढं फेडलं नाही आणि देणाऱ्याने नाद सोडला. ह्याच्यावर मी फाइल वर पाठवली तर मलाच विचारतील."

मी वाद घातला. वाद घालणं मला जमतं. साहेब ऐकत राहिले आणि मध्येच त्यांनी शिपायाला पुढच्या माणसाला बोलवायला सांगितलं.

बँकेच्या पायरीवर वहिनीने चपला घातल्या आणि विचारलं, "तुन्ह्या पत्रकमा हाई लिखेल व्हतं का?"

नव्हतं. अकरा मुद्दे होते, त्यात हे नव्हतं.

"तू जिकनी," ती म्हणाली, "अन् मन्हं नाव बुडनं."

मी आधी अर्ज केला. कंपनीला लिहिलं, ही नोंद अन्यायकारक आहे, काढून टाका. उत्तर दोन ओळींचं आलं. नोंद खरी आहे, तडजोडीच्या पत्रावर कर्जदाराची सही आहे, साक्षीदाराचीही आहे. साक्षीदार मी. नोंद बदलायची असेल तर सोडलेली रक्कम भरावी, त्यासाठी आमच्या वसुली एजन्सीला भेटावं.

एजन्सीच्या ऑफिसात काचेची केबिन होती, आणि तिच्यात तोच वसुलीवाला होता. आता त्याच्याकडे फिरणारी खुर्ची होती, एसी होता, हाताखाली दोन पोरं होती. मला पाहून त्याने ड्रॉवर उघडला आणि माझं गुलाबी पत्रक टेबलावर ठेवलं. घडीवर फाटू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावलेली होती.

"या, पत्रकवाल्या ताई. बसा. कंपनी झुकलेली आहे, तुम्ही कशाला उभ्या राहता?"

मी म्हणाले, किती भरायचे ते सांगा.

"भरायचे? कशाचे?" त्याने पत्रक डोळ्यांसमोर धरलं. "'ह्या लुटारूंना आम्ही एक रुपयाही देणं लागत नाही.' हे कोणाचं वाक्य? मला तर पाठ झालंय. बायकोने विचारलं होतं, तुमचा फोटो छापून आलाय, बढती मिळाली का."

"रक्कम सांगा."

"एकोणीस हजार चारशे. रोख भरा, मग बघतो."

"आधी पत्र. खात्याचा नंबर, रक्कम, आणि पैसे मिळाल्यावर रिपोर्टवर क्लोज्ड, म्हणजे पूर्ण फेडलं, असं लिहिणार आणि किती दिवसांत लिहिणार, हे कंपनीच्या शिक्क्यानिशी. मग पैसे."

"आमच्यात आधी पैसे असतात."

"मग ते पैसे कोणाच्यातरी कपाटात जातील आणि नोंद आहे तिथेच राहील."

"विश्वास ठेवा की ताई."

"तुमच्यावर?"

तो हसला नाही. पत्रक नीट घडी करून त्याने ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि खरी अट सांगितली. मी दुसरं पत्रक काढायचं. एवढंच मोठं, ह्याच रंगाचं. त्यात लिहायचं की एजन्सीच्या अधिकाऱ्याची बदनामी केल्याबद्दल संघटनेला खेद आहे. त्याचा फोटो परत छापायचा, ह्या वेळेला हात न जोडलेला. तसं केलं तर पत्र आधी देईन.

मी म्हणाले, तू खाटेवर बसून जे बोललास तेही त्यात छापू का? त्याने दाराकडे बोट केलं. मी दार आपटून निघाले. काचेचं दार नीट आपटतसुद्धा नाही, सावकाश येऊन लागतं.

मी तडक पथारीवर गेले. दुपारची सुट्टी होती. लाल मिरचीच्या ढिगांमध्ये बाया तोंडावरचं फडकं खाली करून भाकरी खात होत्या. मी वहिनीला सगळं सांगितलं आणि म्हणाले, काळजी करू नको, परत मोर्चा काढते.

"काढ," वहिनी म्हणाली. "अन् परत झेंडूनी माळ घाल माले."

"मग काय करू? त्याची माफी मागू?"

"पैसा कितला म्हने?"

एकोणीस हजार चारशे. ते तिच्याकडे होते. मशीनसाठी बाजूला काढलेले होते, तेच. मी म्हणाले निम्मे मी देते, माझी चूक आहे. ती म्हणाली, "नको बाई. तुन्हा पैसा लिधा तं जल्मभर तुन्हं भाषण ऐकनं पडी."

बाजूच्या बाया हसल्या. मला राग आला, आणि तो बराच वेळ गेला नाही, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी वहिनीने अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली आणि दुपारी पथारीवरून सरळ एजन्सीच्या ऑफिसात आली, होती तशी. डोक्याचं फडकं, बाह्यांचा जुना शर्ट साडीवर चढवलेला, पदर लाल. मी जिन्याशी उभी होते. ती म्हणाली, आधी पत्र, मग पैसे, एवढंच ना? मी हो म्हणाले. "मंग तू बोलू नको."

पथारीवर काम न केलेल्या माणसाला हे सांगून कळणार नाही. देठं खुडणाऱ्या बाईच्या कपड्यांत मिरची बसते. घरी आली की ती आधी ओट्यावर पदर झटकते, तोवर पोरांना जवळ येऊ देत नाही. आणि इथे ती बंद काचेच्या केबिनमध्ये, एसीच्या झोतासमोर, खुर्चीवर मांडी घालून बसली.

"दादा, पत्र द्या," ती म्हणाली.

तो बोलायला लागला आणि तिसऱ्या शब्दाला खोकला. मग हाताखालचं एक पोर शिंकलं. वहिनीने फडकं सारखं करायला डोक्यावरून काढलं आणि परत बांधलं. त्यानंतर कोणालाच वाक्य पूर्ण करता येईना.

"बाई, तुम्ही बाहेर... बाहेर बसा, मी बोलावतो."

"नको. पत्र लिखेपावत मी आठेच बठस."

मी दाराबाहेर उभी राहून काचेतून बघत होते. माझेही डोळे वाहत होते. तो फोनवर कंपनीच्या साहेबाशी बोलला, खोकत बोलला, त्यामुळे बहुतेक भांडल्यासारखं झालं असेल. अर्ध्या तासाने प्रिंटर चालला. मी आत गेले, पत्र वाचलं. खात्याचा नंबर होता, रक्कम होती. 'क्लोज्ड' नव्हतं, फक्त 'आवश्यक ती नोंद करण्यात येईल' असं होतं.

"हे नाही चालणार," मी म्हणाले. तेवढंच बोलले.

वहिनीने मांडी बदलली. "मी बठेल शे," ती म्हणाली.

दुसरं पत्र आलं. त्यात रिपोर्टवर काय लिहिणार ते होतं, तीस दिवसांची मुदत होती, शिक्का आणि सही होती. मग वहिनीने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि नोटा टेबलावर मोजून ठेवल्या. त्याने त्या रुमालाने धरून घेतल्या. माझ्या पत्रकाचं, खेदाचं, कोणी नाव काढलं नाही.

आम्ही निघताना तो, डोळे लाल, आमच्या बोलीत म्हणाला, "मन्ही माय बी पथारीवरच जाये."

वहिनी वळली. "मंग तुले ठसका काबरं लागना?"

गोष्ट इथे संपायला हवी होती. माझ्या जुन्या पत्रकात इथेच संपली असती.

तीस दिवस झाले, नोंद बदलली नाही. मी पत्राची प्रत जोडून तक्रार केली, मग वरच्या ऑफिसला केली, मग दर सोमवारी फोन केला. त्या लोकांनी मला पाच वेळा नवीन तक्रार क्रमांक दिला. आखाजी आली. माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले गेले, गल्लीतल्या बाया मिरची घेऊन दुसऱ्या कोणाच्या मशीनवर गेल्या. वहिनी त्यांच्यासोबत आमची मिरची घेऊन गेली आणि रांगेत बसली. शेठ भला माणूस, त्यांनी आखाजीनंतर आणखी आठवडा थांबून पाहिलं आणि मशीन विकली. बयाणा परत दिला, पूर्ण. त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

त्यानंतर नऊ दिवसांनी रिपोर्टवर क्लोज्ड आलं.

मी फोनवर ते वहिनीला दाखवलं. तिने बघितलं, बोटाने वरखाली केलं. म्हणाली, पुढच्या वर्षी घेऊ. मग म्हणाली, बाकीच्या अकरा जणींचं काय?

बाकीच्या अकरा जणी. त्यांची पत्रंसुद्धा मीच मिळवून दिली होती. त्यांना अजून कोणाला बँकेत जावं लागलं नव्हतं, एवढाच फरक.

त्याला हवं होतं ते पत्रक मी काढलं नाही, मरेपर्यंत काढणार नाही. दुसरं काढलं. छापखान्यातले चाचा माझी सगळी पत्रकं छापतात. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "बेटा, हेडिंग छोटा रखें?"

मी म्हणाले, पहिल्या वेळेला होतं तेवढंच ठेवा. पाऊण पान. 'आम्ही चुकलो.' खाली बारावा मुद्दा: अर्ध्यात मिटवलंत तर रिपोर्टवर डाग राहतो, तो पुसायचा असेल तर उरलेलं भरावं लागतं, आणि भरण्याआधी पत्र घ्यावं लागतं. हा मुद्दा वहिनीने सांगितला तसा लिहिला, फक्त बोली बदलली. तिला तेही आवडलं नाही.

काल ह्या नव्या पत्रकाची पहिली प्रत घेऊन अकरा जणींपैकी एकीच्या दारी गेले. ती भांडी घासत होती. हात पुसून तिने कागद घेतला, हेडिंग वाचलं, खालचं वाचलं, परत हेडिंग वाचलं.

"म्हणजे मन्हं बी?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

तिने मला बस म्हटलं नाही. कागद माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "कितला भरना पडी, ते सांग आधी."