शनिवारी तीन ते सहा

स्पेशल मूल घरात असलं की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पंचाईत असते ती सांगायची. चार माणसांत सुरुवात केली की समोरचे चेहरे असे पडतात, की शेवटी आपणच त्यांची समजूत काढायची. म्हणून बाहेर मी तोंड उघडत नाही. तुम्ही निदान हसता, म्हणून तुम्हाला सांगते.

माझी मुलगी इरा अकरा वर्षांची आहे. बोलत नाही. आम्ही सांगलीचे, नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या नोकरीपायी सात वर्षं चंदीगडला, दुसऱ्या मजल्यावर. इथली एक संस्था दर शनिवारी तीन ते सहा घरी बाई पाठवते. ती आली की आई-बापांनी घराबाहेर पडायचं, हा नियम. त्याला म्हणतात रेस्पाइट. आपल्याकडे याला शब्दच नाही, कारण आईला सुट्टी लागते हे कुणाला सुचलंच नाही.

*

संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना होता: तातडीच्या वेळी संपर्क. आम्ही एकमेकांची नावं लिहिली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नहीं जी, आप दोनों के अलावा."

आम्ही बघतच बसलो. सात वर्षं या गावात, आणि एक नाव निघेना. मिलिंद म्हणाला, "मॅनेजरचं लिहू?"

"आपल्याला मुलगी आहे हे तरी त्याला माहितीये का?"

मिलिंदनं पेन खाली ठेवलं.

शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं नाव दिलं. इरा त्याच्या टेबलाखाली जाऊन बसते आणि तो तिला बसू देतो, एवढीच त्याची पात्रता. तो मात्र इतका हरखला, की अजूनही कपडे देताना विचारतो, "मैडम जी, कोई इमरजेंसी तो नहीं आई?" नाही म्हटलं की जरा हिरमुसतो.

*

पहिल्या बाईनं दारातच विचारलं, "बच्ची को बीमारी क्या है?"

"बीमारी नहीं है."

"फिर ठीक कब होगी?"

याचं उत्तर मी अकरा वर्षं शोधतेय. तिला वाटलं मी लपवतेय. दोन शनिवार आली आणि गेली.

दुसरी जूनमध्ये आली. इराची एक सवय आहे: कुणी खाली बसलं की ती खोलीतलं एकूण एक बटण बंद करते. आम्ही सहाला परतलो तर बाई पडदे ओढलेल्या अंधारात, पंख्याशिवाय, घामानं निथळत बसलेली. "बिजली बचाती है जी, अच्छे संस्कार हैं," म्हणाली. पुन्हा फिरकली नाही.

*

मग हरप्रीत दीदी आली. पन्नाशीची, जवळच्या डेराबस्सी गावाहून दोन बस बदलून यायची. तिच्यासाठी मी दोनशे पानी वही आणून अकरा पानं भरली. इराला काय चालतं, काय चालत नाही, रडली तर काय करायचं, किंचाळली तर काय, कुकरच्या शिट्टीआधी तिच्या कानांवर हात कसे ठेवायचे. लाल पेनानं अधोरेखितसुद्धा केलं. दीदीनं वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि फ्रिजवर ठेवली.

तीन महिने सगळं सुरळीत. मी संस्थेत सगळ्यांना सांगत सुटले, नीट लिहून दिलं की बाया छान सांभाळतात. एक दिवस वही उघडली आणि माझ्याच डोक्यात उजेड पडला. अकरा पानं मी चक्क मराठीत लिहिली होती. दीदी शिकली पंजाबीच्या गुरुमुखी लिपीतून, तीही पाचवीपर्यंत.

"दीदी, बताया क्यों नहीं?"

"आपने इतने प्यार से लिखा था जी. और बच्ची तो सामने बैठी है, कॉपी में क्या देखना."

माझ्या हातून दहीभाताशिवाय काही न खाणारी पोर तिच्या हातून मुळ्याचा पराठा खायची. मला आनंद झाला, आणि त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन रडले. दोन्ही खरं आहे.

*

आम्ही सुट्टीत काय करायचो, हेही ऐका. पहिल्या शनिवारी सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो. छोले-भटूरे मागवले. अकरा वर्षांत दोघंच असे कधी बसलो नव्हतो. बोलायला विषयच निघेना. इराबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तिथंच चुकलं.

अर्ध्या तासात खाऊन झालं. मग गाडीत येऊन बसलो. मिलिंद सीट मागे टाकून घोरायला लागला, मी फोनकडे बघत बसले. पुढं दर शनिवारी हेच. बिल्डिंगच्या मागच्या बाजूला गाडी लावायची, तो झोपणार, मी आमच्या खिडकीवर नजर ठेवणार. एकदा दीदी कचरा टाकायला खाली आली आणि तिनं काचेवर टकटक केली. "मैडम जी, थोड़ा दूर जाकर छुट्टी करो. आपको देखकर मुझे टेंशन होता है."

*

मागच्या महिन्यात दीदी कॅनडाला गेली. तिथं तिच्या मुलीला बाळ झालंय. "वहाँ संभालने वाला कोई नहीं है ना जी," ती डोळे पुसत म्हणाली. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

संस्थेत फोन केला. "वेटिंग है, मैम." किती? "बता नहीं सकते." आमच्या पश्चात इराचं काय, हा प्रश्न आम्ही दोघं मोठ्यानं बोलत नाही. आता तर तीन तासांचंसुद्धा उत्तर उरलं नाही.

परवाचा शनिवार. तीन वाजले. मी भांडी घासत होते, मिलिंद लॅपटॉपवर. इरा आली. खुंटीवरची माझी पर्स काढून तिनं माझ्या ओल्या हातात दिली. गाडीची किल्ली मिलिंदच्या हातात दिली. मग दोघांच्या पाठीला हात लावून आम्हाला ढकलत दाराबाहेर काढलं.

मला वाटलं, आता आतून कडी लावणार. पण तिनं दार लावलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली आणि आमच्या मधून खाली जिन्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "इरा, दीदी येणार नाही गं." तिनं हातानं मला बाजूला केलं.

आम्ही दोघं भिंतीला सरकून उभे राहिलो, तिला जिना नीट दिसावा म्हणून.