माझ्या कापडावरचा पापड

मनगट मोडलं ते मोरीत घसरून. चारचौघींत सांगण्यासारखं कारणसुद्धा नाय मिळालं मेलं! प्लास्टर घातलं आणि मुलाने रोह्याला नेलं. तो कंपनीत शिफ्टला, सून नोकरीला. तीन महिने मी भिंतींशी बोलले. मुलासुनेचं काही चुकलं असं नाय, पण दिवस खायला उठायचा. इथे पेणला तरी घरात माझं कोण होतं? पण सकाळी पापड लाटायला बसलं की आठ बायकांची तोंडं एकदम सुरू व्हायची. मला त्याचीच आस लागली होती.

परत आले तेव्हा पापडवाल्या मालकीणबाई म्हणाल्या, "मावशी, आठ दिवस लाटून बघा. नाय जमलं तर गच्चीवर वाळवण सांभाळा." चांगल्याच बोलल्या. पण गच्चीवर बाई एकटीच असते. पापड उलटायचे आणि कावळे हाकायचे.

माझी जागा खिडकीपाशी, समोर माझी मैत्रीण. कित्येक वर्षं आम्ही समोरासमोर लाटत आलो. आता मनगट पुरतं वळेना, पापड एका बाजूला जाड राहायचा. जाड पापड भाजला की तिथे फुलत नाय, कच्चा राहतो. आणि आमच्याकडे लपवाछपवीला जागा नाय. प्रत्येकीचे पापड तिच्या तिच्या कापडावर वाळतात आणि मालकीणबाई त्यातला एक उचलून सगळ्यांसमोर भाजतात. सात दिवस माझा कच्चा निघाला. पूर्वी एखादीचा असा निघाला की आम्ही तिची सालटी काढायचो. माझी कोणी साधी थट्टासुद्धा केली नाय, ते जास्त लागलं.

आठव्या दिवशी माझ्या कापडावरचा पापड सगळीकडून फुलला. "आला गो हात तुझा!" बायकांनी गलका केला. मीपण हसले, डोळ्यांत पाणीच आलं. मग नीट बघितलं. पापडाची कड आधी वळली होती. ती माझ्या मैत्रिणीची खोड, कडेला लाटणं जरा जास्त दाबते. तिचा पापड मी हजारांत ओळखीन. समोर बघितलं तर ती मान खाली घालून लाटत होती. मी पाणी प्यायला उठले तेव्हा तिने आपले पापड माझ्या पापडांत मिसळले असणार.

गप्प बसले असते तर कोणाचं काय बिघडत होतं? पण दोघींचं ती एकटी किती दिवस लाटणार?

"माझा नाय तो," मी म्हटलं. सगळ्यांची लाटणी थांबली.

घरी जाताना मैत्रीण माझ्यावर भडकली. "मेल्ये, तोंड मिटून बसायला काय झालं होतं तुला?"

"अगो, उद्या खरंच माझा फुलला असता, तरी मला तो तुझाच वाटला असता."

ती रामवाडीच्या वळणापर्यंत माझ्या पुढे पुढे चालत राहिली.

आता मी गच्चीवर असते. पापड उलटण्यापुरतं मनगट चालतं. मधूनच खालून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज येतो. काय झालं ते विचारायला मी जिना उतरते, तोवर त्या पुन्हा लाटायला लागलेल्या असतात.