अक्षदांच्या आडची नवरी

मानवतच्या मंगल कार्यालयात तो फोटोग्राफर मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. नवरी यायच्या आधी त्यानं मला स्टेजवर तिच्या जागी उभं केलं आणि लेन्सवरची कडी अंगठ्यानं मागंपुढं फिरवत राहिला. कडी थांबली की तो श्वासही थांबवायचा.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, तोही फिजिक्सचा. विचारल्याशिवाय कसा राहीन? "कॅमेरा आपोआप फोकस करतो की, काका. हातानं कशाला?"

"अक्षदा उडल्या की मशीन तांदळाला धरतंय, नवरीला न्हाई. ह्याच घरच्या थोरलीच्या लग्नात तसं झालं. बाप म्हणला, 'तांदळाचं लगीन लावलं व्हतं का आमी?' आता धाकटीचं बी चुकलं, तर ह्या गावात मला कोण बोलवील?"

"पण कडी एवढी फिरते आणि काच तर हललेली दिसत नाही."

"आत बारीक आटे हायेत. कडी अर्धी फिरवा, काच केसभर सरकती. म्हणून तर नेमकं धरता येतं." मग त्यानं कडी हलू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावली.

भिंगाचं सूत्र मला आजही पाठ आहे. कुणाची अब्रू त्यावर टांगलेली मात्र तेव्हाच पाहिली.

अक्षदा उडल्या, त्यानं बटण दाबलं. आम्ही दोघं स्क्रीनवर वाकलो. तांदूळ धुक्यासारखे, नवरीच्या पापणीचा केस न् केस स्वच्छ. डोळे मात्र गच्च मिटलेले. त्याचा चेहरा पडला.

तेवढ्यात नवरीनंच कॅमेरा मागून घेतला आणि खदखदून हसली. "लय भारी, काका! डोळ्यात तांदूळ जायलते ना. हाच मोठा करून द्या."