टाइपरायटरला तेल

मला ‘र’ या अक्षराचा आजही राग येतो. हसा खुशाल. पण सरकार, कारवाई, अर्जदार, हजर, गैरहजर... र शिवाय कचेरीचं पान हलत नाही, आणि आमच्या घरच्या टाइपरायटरची नेमकी र ची काडी अडकायची.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा पास झाले आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे आईसमोर सूप घेऊन बिड्या वळायला बसले. सोलापुरात आमच्या बोळात घरटी एक तरी बाई हेच करायची. आई सकाळी टेंभुर्णीची पानं कातरायला घ्यायची ती दिवेलागणीलाच उठायची, आणि दिवसभर तंबाखूनं खोकायची. “मी सूप मांडीवर घेऊन म्हातारी व्हायची नाही,” असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. तिनं नुसतं “बघू की” म्हटलं आणि पुढची बिडी वळली.

अशात एका सरकारी कचेरीतून पत्र आलं. टंकलेखनाची चाचणी, दोन महिन्यांनी, उमेदवाराने यंत्र स्वतः आणावे. आता यंत्र काय झाडाला लागतं? पण माझे थोरले मामा मंगळवेढ्याला कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली होती. त्यांनी आपलं मशीन धोतरात बांधून एसटीनं आमच्याकडे पाठवलं. जुनं होतं, पण पहिल्या दिवशी असं पळालं की मला वाटलं, सुटले बाई एकदाची!

पंधरा दिवसांत ते जड झालं. र ची काडी वर जायची, कागदावर आपटायची आणि तिथंच रेंगाळायची. घाईनं पुढचं अक्षर दाबलं की दोन्ही काड्या एकमेकींत अडकायच्या, आणि त्या बोटांनी सोडवत बसायचं. रिबीन बदलून पाहिली. मशीन पाटावर ठेवलं, मग जमिनीवर ठेवलं. ढिम्म फरक नाही.

मग आप्पांनी हात घातला. माझे वडील गिरणीत जॉबर होते. म्हणजे माग अडला, मंदावला की त्याला चालतं करणारा माणूस. मागावर तळहात ठेवून ते सांगायचे, कुठं घासतंय. त्यांच्याकडे लांब नाकाची तेलाची एक कुपी होती. घरातलं दार, सायकल, शेजारणीचं शिवणयंत्र, विहिरीचा रहाट, सगळ्यांना ती कुपी ठाऊक होती. कुठलीही वस्तू हळू चालली की आमच्याकडे एकच औषध.

“लई दिस कोरडं पडलं हुतं गं,” असं म्हणत त्यांनी काड्यांच्या खाचांत तेल सोडलं, चांगलं सढळ हातानं. आणि खरं सांगते, मशीन लोण्यासारखं चालू लागलं. आप्पांनी आईकडे असं बघितलं की मला हसूच आलं.

तीन दिवस. चौथ्या दिवशी र बरोबर क सुद्धा रेंगाळू लागला. पुन्हा तेल. पुन्हा दोन दिवस सुख, आणि मग स आणि त. आप्पांनी रॉकेलनं पुसलं, वर पुन्हा तेल घातलं. कामावरून आले की हात धुवायच्या आधी मशीनपाशी बसायचे. त्यांच्या केसांत, सदऱ्यावर गिरणीतला कापूस असायचा. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चादरींचे माग दिवसभर खडखडायचे, त्यांचा कापूस कौलांतून उतरायचा. आमच्या भाकरीवरही असायचा. तो कुणाच्या डोळ्यांत भरणार!

मी मात्र थांबायला शिकले. र दाबायचा, एक श्वास घ्यायचा, काडी खाली पडली की पुढचं अक्षर. असं केलं की काड्या अडकत नव्हत्या. या शोधावर मी तेव्हा खूश होते. महिनाभर मी तशीच बडवत राहिले.

चाचणीला चार दिवस राहिले आणि सगळीच मशीनरी चिकटली. मी रडून गोंधळ घातला. आप्पांनी मशीन सायकलीला बांधलं आणि आम्ही नव्या पेठेत टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं झाकण काढलं, बोटानं खाचेतला काळा लगदा उचलला आणि आप्पांच्या नाकासमोर धरला. “तेल कोन डाला जी इसमें?”

तेलात कापूस बसून त्याचा डिंक झाला होता. हे यंत्र खाचेत कोरडंच चालतं, तेल पडलं की मेलं, असं त्यानं समजावलं. गिरणीत नवे कामगार ज्यांच्यापुढे हात बांधून उभे राहत, ते माझे आप्पा त्या दुकानात हात बांधून उभे होते. मला तेव्हा त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला होता.

म्हाताऱ्यानं पेट्रोलनं एकेक खाच धुऊन दिली. चाचणीच्या दिवशी मशीन नव्यासारखं होतं. आप्पांनी रजा टाकली, मशीन चादरीत गुंडाळून कचेरीत पोचवलं आणि बाहेर लिंबाखाली जाऊन बसले.

घंटा झाली. माझी एकही काडी अडकली नाही. दोन-तीन ओळी झाल्यावर माझ्या कानाला काहीतरी खटकलं. बाकीच्यांची मशीनं सलग वाजत होती आणि माझं मधेमधे गप्प होत होतं. र आला की गप्प. क आला की गप्प. मशीन थांबत नव्हतं हो, मी थांबत होते! काडी केव्हाच खाली पडलेली असायची आणि माझं बोट अजून तिची वाट बघत असायचं. हे कळल्यावर मी घाई केली, तर चुका झाल्या. चुका टाळायला गेले, तर बोटं परत थांबली. साहेबांनी ‘बस’ म्हटलं तेव्हा माझा पाऊण परिच्छेद राहिला होता. निकालाची वाट बघायची गरजच नव्हती.

बाहेर आले. आप्पा उठून उभे राहिले. “चाललं का गं मशीन?”

एवढंच विचारलं त्यांनी. आणि मी म्हणाले, “कसलं चालतंय! तुमच्या तेलानं वाटोळं केलं माझं.”

हे खोटं होतं. बोलताना मला माहीत होतं.

आप्पांनी मान हलवली, आत जाऊन मशीन चादरीत गुंडाळलं आणि गाठ मारली. दुसऱ्या दिवशी मी सूप मांडीवर घेतलं. आईनं माझ्यापुढे पानांचा गठ्ठा सरकवला. ते सूप पुढं बत्तीस वर्षं माझ्या मांडीवर होतं. कुपी फळीवर गेली ती तिथंच गंजली. दार कुरकुरायला लागलं की आई म्हणायची, “अहो, तेल घाला की.” आप्पा म्हणायचे, “नगं. माजा हात लागला की बिगडतंय.” आमचं दार कित्येक वर्षं तसंच कुरकुरत राहिलं.

आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा एका दुपारी मी धीर केला. त्यांचे पाय चेपत होते. म्हटलं, “आप्पा, त्या दिवशी मशीन चांगलं चाललं होतं. मीच कमी पडले. मी खोटं बोलले तुमच्याशी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातावर थोपटलं.

“ऱ्हाऊ दे बाय,” ते म्हणाले. “माज्यासाटी आता खोटं बोलू नगंस.”